कोंबडीच्या खाद्यातली पाचक पूड

काष्टीचा बाजार कुणाला ठाऊक नाही? दौंडहून भीमेचा पूल ओलांडून नगरच्या वाटेला लागले की काष्टी लागते. शनिवारी तिथे जनावरांचा बाजार भरतो. बैल घेणारा माणूस काय करतो? खूर बघतो, वशिंड बघतो आणि बैलाचे तोंड उघडून दात बघतो. दातांवरून वय कळते. दात चांगले असले तर बैल कडबा नीट चावणार, मग निवांत बसून रवंथ करणार आणि अंगात ताकद येऊन औत ओढणार.

आता कोंबडीची चोच उघडून बघा. दात आहेत का? एकही नाही. कोंबडी दाणा टिपते आणि तसाच गिळते. ती रवंथही करीत नाही. मग तिला दाणा पचतो कसा? आणि जेवढा खाल्ला तेवढा सगळा पचतो का?

हा प्रश्न रिकामटेकड्या माणसाचा नाही. त्यात पैसा अडकलेला आहे. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले) उसाच्या फडाशेजारी आता पत्र्याच्या लांब लांब शेड दिसतात. त्यात मांसासाठी वाढवायच्या ब्रॉयलर कोंबड्या असतात. गावात त्यांना 'बॉयलर' म्हणतात. खरा बॉयलर साखर कारखान्यात असतो, वाफ करणारा. पण नाव पडले ते पडले. अंड्यातून निघालेले पिल्लू चाळीस-बेचाळीस ग्रॅमचे असते. ते पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाते. एवढे वाढायचे म्हणजे खायलाही तसेच लागते. कोंबडी वाढवायला शंभर रुपये खर्च आला असे धरा. त्यातले साधारण ६५ ते ७० रुपये नुसत्या खाद्याचे असतात.

खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. दोन्हींचे भाव आपल्या हातात नाहीत. २०२१ साली सोयाबीन पेंड इतकी महागली की ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी द्यावी लागली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने बंधने घातली. पुढच्या हंगामासाठी ती उठवली. पण मधल्या काळात इथेनॉलवाले मक्याकडे वळले आणि मक्याला मागणी वाढली. बघा, बंधन आले उसावर आणि महाग झाले कोंबडीचे खाणे!

अशा वेळी औषधाच्या दुकानात एखादी पुडी पुढे येते. "ही टाका खाद्यात. पचन वाढेल, वजन वाढेल." पुडीवर लिहिलेले असते, 'एन्झाइम'. घ्यावी का ती? आमचे उत्तर सरळ 'हो' असेही नाही आणि 'नाही' असेही नाही. ती पूड पोटात जाऊन काय करते हे एकदा कळले, म्हणजे घ्यायची की नाही ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

कात्री

पुस्तकी मराठीत एन्झाइमला विकर म्हणतात. आपण एन्झाइमच म्हणू, कारण पुडीवर तेच छापलेले असते.

भाकरीचा एक घास तोंडात घ्या. गिळू नका, नुसते चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. साखर कुठून आली? तुमच्या लाळेत एक एन्झाइम आहे. ते भाकरीतल्या पिठाचे बारीक बारीक तुकडे करते आणि त्यांची साखर होते. दुसरे उदाहरण चुलीपाशीच सापडेल. मटण निबर असले तर बायका त्याला कच्ची पपई वाटून लावतात. मग ते मऊ शिजते. पपईच्या चिकातले एन्झाइम मांसाचे धागे तोडते.

एन्झाइम म्हणजे अशी एक कात्री समजा. पण प्रत्येक कात्रीचे काम ठरलेले. पपईची कात्री मांसाला चालते, पिठाला चालत नाही. न्हाव्याच्या कात्रीने कुणी पत्रा कापतो का? तसेच हे. पुडीवर नुसते 'एन्झाइम' लिहिले म्हणजे काही कळले नाही. कोणते एन्झाइम, ते बघावे लागते.

आणखी एक गोष्ट. एन्झाइम जिवंत नसते. ते विरजणासारखे नाही. दुधात चमचाभर विरजण घातले की रात्रीत पातेलेभर दही होते, कारण विरजणातले जंतू जिवंत असतात आणि वाढत जातात. एन्झाइम वाढत नाही. जेवढे घातले तेवढेच. म्हणून "चिमूटभर टाकली की झालं" असे इथे चालत नाही. माप पाहिजे.

ही पूड बनते कशी? बुरशी किंवा जंतू मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात. ते एन्झाइम तयार करतात. मग ते गाळून, वाळवून घेतात. आपल्याकडेही हे काम चालते. ठाण्याची ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी एन्झाइम बनवते आणि तिचा एक कारखाना शेजारच्या नाशिक जिल्ह्यात सिन्नरला आहे.

दाण्यातले कुलूप

आता कोंबडीच्या पोटात जाऊ. गिळलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत पडतो. तिथे तो भिजतो. मग तो जठरातून पेट्यात उतरतो. पेटा म्हणजे कोंबडी साफ करताना कलेजीबरोबर टणक गोळा निघतो ना, तोच. हे कोंबडीचे जाते. दाताचे काम तेच करते. गावरान कोंबडी बारीक खडे गिळते ते याच जात्यासाठी. दळलेले खाणे पुढे आतड्यात जाते. तिथे कोंबडीची स्वतःची एन्झाइमे त्यावर काम करतात. मक्याचे पीठ, पेंडीतले प्रथिन आणि तेल ती बऱ्यापैकी पचवतात.

पण सगळे नाही. गाईबैलांच्या पोटात असंख्य जंतू असतात. त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या कात्र्या असतात. म्हणून बैल कडब्यावर जगतो. कोंबडीकडे तेवढ्या कात्र्या नाहीत. तिला वेळही नाही. खाल्लेले काही तासांत शीट होऊन बाहेर पडते. जे उलगडले नाही ते तसेच गेले. तुम्ही त्याचे पैसे मात्र मोजलेले असतात.

न उलगडणाऱ्या गोष्टींतली सर्वांत मोठी कोणती, तर दाण्यातले स्फुरद. स्फुरद तुम्हाला नवे नाही. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे आकडे असतात, त्यातलेच हे. पिकाला जसे ते लागते तसे कोंबडीलाही लागते. हाडे त्याच्यावर आणि चुन्यावर तयार होतात. ब्रॉयलरचे अंग इतक्या झपाट्याने वाढते की हाडे कच्ची राहिली तर पायच वजन पेलत नाहीत.

मक्यात आणि सोयाबीनमध्ये स्फुरद भरपूर आहे. पण त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग कुलपात बंद असतो. त्या कुलपाला फायटेट म्हणतात. हे कुलूप वनस्पतीने स्वतःच्या पिलासाठी घातलेले आहे. दाणा जमिनीत पडला, ओल मिळाली, मोड फुटला, की त्या कोवळ्या रोपाला स्फुरद लागते. तेव्हा दाणा स्वतःच एक एन्झाइम तयार करतो आणि कुलूप उघडतो. आपण मटकीला मोड आणतो तेव्हा भांड्यात हेच चाललेले असते. पण कोंबडीला आपण मोड आलेला मका घालत नाही. कोरडा भरडलेला घालतो. तिच्याजवळ हे कुलूप उघडणारे एन्झाइम फारच थोडे. मग स्फुरद जसे पोटात गेले तसे शिटेतून बाहेर आले. जाताना ते चुना, जस्त, लोह यांनाही थोडेफार धरून घेऊन जाते.

मग कोंबडीची हाडे वाढायची कशी? त्यासाठी खाद्यात वरून डीसीपी घालतात. ती पांढरी पूड असते. (डीएपी नव्हे बरे! डीएपी हे शेताचे खत आहे, ते कोंबडीला घालायचे नसते.) डीसीपी बनवायला स्फुरदाचा दगड लागतो आणि आपला देश तो दगड बहुतेक बाहेरून आणतो. म्हणजे दाण्यात स्फुरद असून ते वाया घालवायचे आणि परदेशच्या दगडातून पुन्हा विकत घ्यायचे. घरात पाण्याचा हौद भरलेला, पण झाकण उघडत नाही म्हणून टँकर बोलवायचा, त्यातलाच हा प्रकार.

हे कुलूप उघडणाऱ्या एन्झाइमचे नाव फायटेज. जपानी शास्त्रज्ञांना ते १९०७ साली भाताच्या कोंड्यात सापडले. पण कोंबडीच्या खाद्यासाठी ते बाजारात यायला १९९१ साल उजाडले. ते आधी आले हॉलंड देशात. का, ते ऐकण्यासारखे आहे. हॉलंड लहान देश आणि तिथे डुकरे-कोंबड्या फार. त्यांच्या शेणखतातले स्फुरद जमिनीत मुरून पाण्यात उतरू लागले. कालव्यांत, तळ्यांत शेवाळ माजले. सरकारने बंधने घातली. तेव्हा लोकांना वाटले, की हे स्फुरद कोंबडीच्या अंगातच का राहू नये? गरज पडली तेव्हा ऐंशी वर्षांपूर्वीचा शोध कामाला आला.

आता माप बघा. एक टन खाद्यात साधारण १०० ग्रॅम फायटेज पूड लागते (एका ग्रॅमला ५००० एकक ताकदीची असली तर). ती एवढे स्फुरद मोकळे करते, की त्या टनातून साधारण साडेपाच किलो डीसीपी कमी करता येते. ओंजळभर पूड आणि साडेपाच किलो डीसीपी!

पण 'कमी करता येते' हे शब्द नीट वाचा. सगळी मेख तिथेच आहे. डीसीपी पहिल्याइतकीच ठेवली आणि वरून फायटेज टाकले, तर कोंबडीला जे आधीच पुरेसे मिळत होते त्यात आणखी भर पडते. ती बहुतेक शिटेतूनच जाते. फायदा झालाच तर थोडा होईल, पण खर्च दोन्हींचा झाला. फायटेजचे पैसे वसूल होतात ते खाद्याचे गणित बदलल्यावर, नुसती पूड शिंपडल्यावर नाही.

याच्या उलट चूक तर फार महाग पडते. कुणी हौसेने डीसीपी कमी केली आणि फायटेजची पुडी जुनी, उन्हात पडून मेलेली निघाली, तर कोंबडीला दोन्हीकडून स्फुरद नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्ले लंगडू लागतात, बसल्या जागी बसून राहतात, चोच मऊ पडते. खाद्याच्या भांड्यापर्यंत जाता आले नाही की उपाशी मरतात. चुनखडी जास्त झाली तरी फायटेजचे काम अडते. म्हणून खाद्याचे प्रमाण बदलायचे तर पशुवैद्याला किंवा पशुआहार शिकलेल्या माणसाला विचारूनच बदलावे. तालुक्याचा दवाखाना आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे. विचारायला लाजू नका.

पोटातली खळ

फायटेजनंतर दुसऱ्या जातीची एन्झाइमे येतात. गव्हाचे पीठ पाण्यात शिजवले की खळ होते. पूर्वी भिंतीवर कागद चिकटवायला तीच वापरीत. गहू आणि सातू (म्हणजे जव) कोंबडीला जास्त घातले तर तिच्या आतड्यात थोडे असेच होते. दाण्याच्या भिंतीतला चिकट भाग पाणी धरतो आणि सगळे घट्ट करतो. मग पाचक रस आत शिरत नाहीत, शीट ओली आणि चिकट पडते. शेडमधली तुसाची गादी ओली होते, अमोनियाचा वास सुटतो, आत गेले की डोळे चुरचुरतात. कोंबडीच्या पायांना फोड येतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सातू पिकतो आणि तिथे हीच अडचण होती. १९५७ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले, की सातूच्या खाद्यात एन्झाइम घातले तर पिल्ले चांगली वाढतात. गव्हासाठी जे एन्झाइम लागते त्याला झायलनेज म्हणतात आणि सातूसाठी लागते ते ग्लुकनेज. नावे अवघड आहेत, पण पाठ करायची गरज नाही. पुडीवर ओळखता आली म्हणजे पुरे.

आपल्याकडे काय? आपली ब्रॉयलर मका आणि सोयाबीन पेंडीवर वाढते. मक्यात असा चिकटा फार नसतो. बाजरीतही गव्हाइतका नसतो. म्हणून युरोपात गव्हाच्या खाद्यावर जेवढा फरक दिसतो, तेवढा इथे मक्याच्या खाद्यावर दिसेलच असे नाही. हे दुकानदार सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. सोयाबीन पेंडीतही काही न पचणारा भाग असतो. त्यासाठी मॅननेज आणि प्रथिनासाठी प्रोटिएज अशी एन्झाइमे मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण तो पेंडीच्या प्रतीवर आणि खाद्याच्या गणितावर ठरतो.

मात्र मका महागला की लोक त्याच्या जागी स्वस्त माल घालतात. गव्हाचा कोंडा, भाताचा कोंडा, तांदळाची कणी, आणि आता धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा. त्याला डीडीजीएस म्हणतात. दाण्यातले पीठ इथेनॉलला गेले, की बाकीचे सगळे त्या चोथ्यात दाट होऊन राहते. प्रथिनही दाट आणि न पचणारा भागही दाट. कोंड्यात तर फायटेट खच्चून भरलेले असते. असा माल खाद्यात आला की एन्झाइमला खरे काम मिळते. थोडक्यात काय, पुडी घेण्याआधी आपल्या खाद्यात आहे काय ते बघायचे. कापायला काही नसेल तर कात्री घेऊन करायचे काय?

जे एन्झाइमने होत नाही

मक्याला बुरशी लागली असेल तर त्यात विष तयार होते. एन्झाइम ते विष काढीत नाही. मका नीट वाळलेला, शंभर किलोत १४ किलोपेक्षा जास्त ओल नसलेला असाच घ्यावा. कच्चे सोयाबीन भरडून कोंबडीला घालू नये. त्यात पचन अडवणारा भाग असतो, तो नीट भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही. त्यालाही ही पूड उपाय नाही. आणि शेडमध्ये गर्दी, पाणी घाण, हवा कोंडलेली, असे असताना "पूड टाकली तरी वजन का येत नाही" असे विचारणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणे.

एन्झाइम हे औषध नाही, प्रतिजैविकही नाही. ही गल्लत पुष्कळ लोक करतात. काही लोकांना तर भीती वाटते, की ही पूड कोंबडीच्या मांसातून आपल्या पोटात येईल. तसे नाही. एन्झाइम स्वतः एक प्रथिन आहे. त्याचे काम कोंबडीच्या पोटात होते आणि मग तेही इतर प्रथिनांसारखे तिथेच पचून जाते. प्रतिजैविकांची गोष्ट वेगळी. ती विनाकारण दिली तर जंतू निबर होतात, मग माणसाच्या आजारातही औषध लागू पडत नाही. म्हणूनच २०१९ साली केंद्र सरकारने कोलिस्टीन नावाचे प्रतिजैविक कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी घातली. दुकानात एन्झाइम मागितले आणि हातात भलतेच आले असे होऊ नये. पुडीवरचे शब्द वाचा.

पुडी वाचायची कशी

पुडीवर पाच गोष्टी बघा. एन्झाइमचे नाव. त्याची ताकद, म्हणजे एका ग्रॅममध्ये किती एकक. एका टनाला किती घालायचे. बनवल्याची तारीख. आणि किती दिवस टिकते. यातले काहीच छापलेले नसेल तर पुडी परत द्या.

ताकदीचा आकडा सर्वांत कामाचा. फायटेजचे उदाहरण घेऊ. एक किलो खाद्याला साधारण ५०० एकक लागतात. एक टन म्हणजे १००० किलो. म्हणजे ५ लाख एकक लागले. पुडीत एका ग्रॅमला ५००० एकक असतील तर १०० ग्रॅम पुरे. २५०० असतील तर २०० ग्रॅम लागतील.

आता समजा पहिली पुडी ६०० रुपये किलो आणि दुसरी ४०० रुपये किलो. दुकानदार म्हणेल, "दुसरी स्वस्त आहे, ही न्या." तुम्ही हिशेब करा. पहिलीचे १०० ग्रॅम म्हणजे ६० रुपये. दुसरीचे २०० ग्रॅम म्हणजे ८० रुपये. स्वस्त कोणती झाली? (हे भाव आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत, बाजारभाव तुम्ही विचारा.)

तारीखही तशीच महत्त्वाची. एन्झाइमला उष्णता आणि ओल सोसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली हात टेकवत नाही. तिथे पुडी ठेवली तर ती चार-दोन आठवड्यांत अर्धमेली होईल. घरात, थंड कोपऱ्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कारखान्यात गोळी खाद्य करतात तेव्हा वाफेने ते ८० अंशांच्या पुढे तापवतात. साधे एन्झाइम त्यात मरते. म्हणून तिथे वेष्टण चढवलेले एन्झाइम वापरतात, नाहीतर गोळी थंड झाल्यावर वरून फवारतात. घरी भरडून मिसळलेल्या खाद्याला ही अडचण नाही.

करार पद्धतीने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे पिल्ले, खाद्य, औषध कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. अशा तयार खाद्यात एन्झाइम बहुधा आधीच असते. त्यावर पदरचे पैसे घालून आणखी पुडी टाकू नका. गोणीवरची चिठ्ठी वाचा, सुपरवायझरला विचारा, "यात एन्झाइम आहे का? कोणते?" तो हसला तर हसू द्या.

फायदा झाला की नाही हे कसे कळणार? डोळ्यांनी कळत नाही, वहीने कळते. किती किलो खाद्य गेले आणि किती किलो कोंबडी विकली, हे लिहा. खाद्याला वजनाने भागा. समजा ५००० कोंबड्या सरासरी दोन किलोने गेल्या. एकूण १०,००० किलो. खाद्य लागले १७,००० किलो. मग आकडा आला १.७०. पुढच्या खेपेला तो १.६५ आला तर खाद्य लागले १६,५०० किलो. म्हणजे पन्नास किलोच्या दहा गोण्या वाचल्या. आता दहा गोण्यांचे पैसे एका बाजूला आणि पुडीचे पैसे दुसऱ्या बाजूला मांडा. पण एका खेपेवरून भुलू नका. उन्हाळ्याची खेप आणि हिवाळ्याची खेप सारखी नसते. खरे बघायचे तर एकाच शेडमध्ये मधोमध जाळी लावून, दोन्हीकडे सारखी पिल्ले मोजून ठेवावीत. एकीकडे पूड, दुसरीकडे नाही. खाद्य दोन्हीकडचे वेगळे तोलावे.

मिसळायची रीत

शंभर ग्रॅम पूड एका टनात सारखी पसरवायची म्हणजे थट्टा नाही. ढिगावर नुसती भुरभुरली तर एका कोंबडीला मूठभर आणि दहांना काहीच नाही. आधी ती किलोभर मक्याच्या पिठात हाताने नीट कालवावी. मग ते पीठ दहा किलो भरडीत. ते दहा किलो पन्नासांत. मग सगळ्या खाद्यात. पाण्याचा हात लागू देऊ नये. मिसळलेले खाद्य फार दिवस साठवू नये.

आणि कालवताना नाकातोंडाला फडके घट्ट बांधावे. ही पूड फार हलकी असते. कोंबडीच्या पोटात ती निरुपद्रवी, पण माणसाच्या छातीत तिची धूळ वारंवार गेली तर शिंका, खोकला, पुढे दमाही लागू शकतो. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसावे. पोरांना जवळ येऊ देऊ नये. काम झाले की हात, तोंड धुवावे, आणि उरलेल्या पुडीचे तोंड दोऱ्याने बांधून त्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.